दहा नॅनोसेकंदांचा हिशेब

संगणकाची स्मृती बदलायची वेळ आली की दुकानदार दोनच प्रश्न विचारतो: ‘किती जीबी?’ आणि ‘कोणत्या स्पीडची?’ पहिला प्रश्न सगळ्यांना कळतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुतेक जण जुन्या पट्टीवरचा आकडा वाचून देतात. हा आकडा नेमका काय सांगतो? १०० मेगाहर्ट्झ असे छापलेली स्मृती १०१ मेगाहर्ट्झला बंद पडते का? पडत नसेल, तर तो आकडा तिथे कोणी आणि कशासाठी लिहिला?

या प्रश्नांना १९९८ साली एकदम महत्त्व आले. त्या वर्षी २४ ऑगस्टला इंटेल कंपनीने ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा स्वस्त प्रक्रियक बाजारात आणला. तो ३०० मेगाहर्ट्झ गतीसाठी विकला जात होता. पण थोड्याच दिवसांत जगभरातल्या हौशी मंडळींच्या लक्षात आले, की मदरबोर्डवरची एक जोडणी किंवा सेटिंग बदलले तर हाच प्रक्रियक ४५० मेगाहर्ट्झने बिनतक्रार चालतो. ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ त्याच दिवशी बाजारात आला होता आणि सेलेरॉनची किंमत त्याच्या पावपटीच्या आसपास होती. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त गतीने संगणक चालवण्याच्या या उद्योगाला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सुटे भाग घेऊन संगणक जुळवले जात, त्यामुळे ही विद्या आपल्याकडेही पोचायला वेळ लागला नाही.

मात्र यात एक अडचण होती. प्रक्रियक तयार असला तरी जुनी स्मृती साथ देत नसे. संगणक सुरूच होत नसे, किंवा सुरू होऊन तासाभराने गोठत असे. सर्वांत वाईट म्हणजे काही वेळा तो व्यवस्थित चालल्यासारखा दिसे आणि चुकीची उत्तरे देई. म्हणून स्मृती बदलणे भाग पडे. कोणती स्मृती निवडायची हे समजून घ्यायचे, तर स्मृतीला वेळ का लागतो इथपासून सुरुवात करायला हवी.

पारा, पडदा आणि कड्या

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेल्या ‘एडसॅक’ या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवली आणि वर्गसंख्यांचा तक्ता छापला. त्याची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या पोलादी नळ्या. नळीच्या एका टोकाला स्फटिक विद्युत स्पंदांचे ध्वनीत रूपांतर करी, ध्वनी पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला जाई, तिथे त्याचे पुन्हा विद्युत स्पंद होत आणि ते परत पहिल्या टोकाला पाठवले जात. जोवर हे फिरणे चालू, तोवर स्मृती जिवंत. रडारसाठी तयार झालेले तंत्र इथे कामी आले होते.

याचा हिशेब विद्यार्थ्यांना सहज करता येईल. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४५० मीटर असतो. नळी सुमारे दीड मीटर धरली, तर ध्वनीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला साधारण एक मिलिसेकंद लागेल. दोन स्पंदांमध्ये दोन मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवले, तर एका वेळी पाचशेहून थोडे अधिक स्पंद नळीत मावतील. पण हवा असलेला आकडा नुकताच पुढे निघून गेला असेल, तर तो पुन्हा येईपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नाही. शिवाय तापमान बदलले की पाऱ्यातला ध्वनीचा वेग बदलतो आणि सगळे वेळापत्रक बिघडते. म्हणून नळ्यांचे तापमान काळजीपूर्वक स्थिर राखावे लागे. उष्णता आणि स्मृती यांचे वैर इतके जुने आहे.

मँचेस्टरमध्ये फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी वेगळा मार्ग घेतला. दूरचित्रवाणी संचात असते तशा कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर त्यांनी विद्युतप्रभाराचे ठिपके साठवले. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या ‘बेबी’ या छोट्या यंत्राने पहिली आज्ञावली चालवली, तेव्हा त्याची सारी स्मृती १०२४ बिटांची होती. इथे कोणताही ठिपका लगेच वाचता येत असे, वाट पाहावी लागत नसे. पण ठिपक्यातला प्रभार सेकंदाच्या अंशात गळून जाई. त्यामुळे ठिपका होता की नव्हता हे वाचायचे आणि लगेच तसाच पुन्हा लिहायचा, असा क्रम अखंड चालू ठेवावा लागे. ही कल्पना लक्षात ठेवा. आजच्या संगणकातही नेमके हेच चालू आहे.

पुढची सुमारे वीस वर्षे लोहचुंबकीय कड्यांची होती. अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९५३ साली ‘व्हर्लविंड’ या संगणकाला कड्यांची स्मृती बसवली. बारीक फेराइटची कडी एका दिशेने चुंबकित केली तर शून्य, उलट दिशेने केली तर एक. वीज गेली तरी ही स्मृती टिकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, त्यातही अशाच कड्या होत्या. चाळीस बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जवळजवळ ८२ हजार कड्या. आजच्या भाषेत ही सारी स्मृती फक्त १० किलोबाइट भरते. तारांत ओवलेल्या या कड्या विश्वासू होत्या, पण महाग होत्या आणि एका मर्यादेपलीकडे लहानही होत नव्हत्या.

गळका रांजण

१९६६ साली आय.बी.एम.च्या संशोधन केंद्रात रॉबर्ट डेनार्ड अर्धवाहकांच्या स्मृतीवर काम करत होते. त्यांच्या गटाच्या रचनेत एका बिटासाठी सहा ट्रान्झिस्टर लागत. दुसऱ्या एका गटाने मांडलेली चुंबकीय स्मृतीची साधी रचना त्यांनी एका व्याख्यानात पाहिली आणि आपली रचना एवढी गुंतागुंतीची का, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. त्यातून एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्यावर एक बिट साठवण्याची कल्पना त्यांना सुचली. १९६८ च्या जूनमध्ये तिचे पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक सर्व संगणकांची आणि मोबाइल फोनची मुख्य स्मृती या कल्पनेवर चालते. डेनार्ड यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

ही रचना गळक्या रांजणासारखी आहे. धारित्र म्हणजे रांजण, ट्रान्झिस्टर म्हणजे त्याची तोटी. रांजण भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. पण रांजण इतका लहान आणि गळका, की काही मिलिसेकंदांत तो पुन्हा भरला नाही तर भरलेला कोणता आणि रिकामा कोणता हेच कळेनासे होते. म्हणून स्मृतीला ठरावीक काळाने पुनर्भरण द्यावे लागते. इंग्रजीतील ‘रिफ्रेश’ तो हाच. इंटेलने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या ‘११०३’ या १०२४ बिटांच्या चिपला दर दोन मिलिसेकंदांनी पुनर्भरण लागे. तिच्यात प्रत्येक बिटाला तीन ट्रान्झिस्टर होते, डेनार्ड यांची एका ट्रान्झिस्टरची रचना बाजारात रूढ व्हायला अजून काही वर्षे लागणार होती. तरीही ११०३ ने कड्यांच्या स्मृतीला हटवायला सुरुवात केली आणि १९७२ पर्यंत ती जगात सर्वाधिक खपणारी अर्धवाहक स्मृती झाली.

आता वेळ कुठे जातो ते पाहू. चिपमध्ये हे रांजण ओळी आणि स्तंभ यांत मांडलेले असतात. एखादा बिट वाचायचा तर आधी त्याची संपूर्ण ओळ उघडावी लागते. प्रत्येक रांजणातला चिमूटभर प्रभार एका लांब तारेवर ओतला जातो आणि त्या तारेच्या विभवात अगदी किंचित बदल होतो. तो ओळखून मोठा करायला संवेदक वर्धक असतात, त्यांना थोडा अवधी द्यावा लागतो. मग हवा तो स्तंभ निवडायचा आणि उत्तर बाहेर पाठवायचे. वाचताना रांजण रिकामा झाला, म्हणून ओळ बंद करण्यापूर्वी तो पुन्हा भरायचा. यातली प्रत्येक पायरी वेळ घेते आणि एकीही गाळता येत नाही. घाई केली तर वर्धकाला शून्य आणि एक यांतला फरक स्पष्ट होण्याआधीच निर्णय द्यावा लागतो. स्मृतीच्या चुका इथे जन्म घेतात.

आकडा कोण लिहितो?

एकाच झाडाचे आंबे सारखे नसतात. व्यापारी त्यांची प्रतवारी करतो आणि पेटीवर भाव लिहितो. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिपांचेही तसेच असते. काही जात्याच चपळ, काही मंद. कारखान्यात प्रत्येक चिप तपासली जाते आणि तिच्यावर वेळेचा आकडा छापला जातो. १९७० च्या दशकाअखेरीस १६ हजार बिटांची एकच चिप १५०, २०० किंवा २५० नॅनोसेकंद अशा वेगवेगळ्या आकड्यांनिशी विकली जात असे. आतली रचना एकच, फरक फक्त परीक्षेतील गुणांचा.

ही परीक्षा मुद्दाम कठीण घेतली जाते. विद्युतदाब नेहमीपेक्षा थोडा कमी, तापमान जास्त. कारण ग्राहकाचा संगणक मे महिन्यात पंख्याविना बंद खोलीत चालेल की वातानुकूलित दालनात, हे उत्पादकाला माहीत नसते. सगळ्यांत वाईट परिस्थितीतही चिपने वचन पाळले पाहिजे, म्हणून आकडा राखून लिहिलेला असतो. दुसरे कारण व्यापारी आहे. मंद मालाला मागणी जास्त असेल तर चपळ मालावरही मंदाचाच शिक्का मारून तो विकला जातो. या दोन्हींमुळे छापील आकडा आणि खरी क्षमता यांत काही अंतर शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग करणारा माणूस हे अंतर वापरून टाकतो.

हा उद्योग सेलेरॉनपेक्षा जुना आहे. आय.बी.एम.चा ‘पीसी एटी’ हा संगणक १९८४ मध्ये ६ मेगाहर्ट्झ गतीने चालणारा म्हणून आला. त्याचे घड्याळ १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चाले आणि हा स्फटिक सहज काढता येण्याजोगा बसवलेला होता. लोकांनी तो काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि ८ मेगाहर्ट्झचा संगणक मिळवला. आय.बी.एम.ने पुढच्या यंत्रांतील रॉममध्ये सुरुवातीलाच गती मोजण्याची चाचणी घातली आणि गती जास्त आढळली तर यंत्र चालूच होणार नाही अशी व्यवस्था केली. १९८६ मध्ये कंपनीने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला.

दहा नॅनोसेकंद

नव्वदच्या दशकापर्यंत स्मृती आपल्या सवडीने उत्तर देई आणि प्रक्रियक वाट पाही. प्रक्रियकाची गती वाढत गेली तशी ही वाट पाहणे महाग पडू लागले. १९९३ मध्ये जेडेक या प्रमाणीकरण संस्थेने ‘एसडीरॅम’चे, म्हणजे घड्याळाच्या ठोक्याबरोबर चालणाऱ्या स्मृतीचे प्रमाणक प्रसिद्ध केले. लेझीममध्ये हलगीच्या ठेक्यावर सगळ्यांची पावले पडतात, तसे आता स्मृती आणि प्रक्रियक एका ठोक्यावर चालू लागले. पण त्यामुळे एक नवी जबाबदारीही आली. ठोक्याच्या आत पाऊल पडलेच पाहिजे.

सेलेरॉन ३००ए मध्ये गुणक ४.५ असा कायमचा बांधलेला होता. मदरबोर्डचे घड्याळ ६६.६७ मेगाहर्ट्झ, म्हणून ६६.६७ गुणिले ४.५ म्हणजे ३००. गुणक बदलता येत नव्हता, पण मदरबोर्डचे घड्याळ १०० वर नेता येत होते. १०० गुणिले ४.५ म्हणजे ४५०. हीच ती युक्ती. पण मदरबोर्डचे घड्याळ वाढले की स्मृतीचेही घड्याळ वाढते. ६६.६७ मेगाहर्ट्झला एक ठोका १५ नॅनोसेकंदांचा असतो, १०० मेगाहर्ट्झला १० नॅनोसेकंदांचा.

इथे मोठा गोंधळ झाला. जुन्या अनेक स्मृतिपट्ट्यांच्या चिपांवर ‘१०’ हा आकडा होता. दहा नॅनोसेकंद म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, मग तीच स्मृती चालायला हवी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिचा भरवसा देता येत नसे. कारण चिपवरचा आकडा फक्त चिपपुरता असतो. ठोका पडल्यावर चिपला उत्तर तिच्या पिनेपर्यंत आणायला काही वेळ लागतो. तिथून ते उत्तर मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांमधून नियंत्रकापर्यंत जायचे, आणि पुढचा ठोका पडण्याच्या थोडे आधी तिथे स्थिर व्हायचे. एका नॅनोसेकंदात प्रकाश निर्वातात सुमारे एक फूट, म्हणजे आपल्या फूटपट्टीएवढे अंतर जातो. मदरबोर्डवरचा संकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे काही सेंटिमीटरच्या रेषाही हिशेबात धराव्या लागतात.

१९९८ मध्ये इंटेलने ‘पीसी-१००’ हे विनिर्देश आणले, त्यात हा हिशेब मांडलेला होता. ठोका पडल्यापासून सहा नॅनोसेकंदांच्या आत चिपने उत्तर पिनेवर आणले पाहिजे. उरलेल्या चार नॅनोसेकंदांत प्रवास, निरनिराळ्या जागी ठोका पोचण्यातील फरक आणि नियंत्रकाची तयारी एवढे भागवायचे. ‘१०’ शिक्क्याच्या चिपांना सहाहून अधिक नॅनोसेकंद लागत. १५ नॅनोसेकंदांच्या ठोक्यात ते सहज खपून जाई, १० च्या ठोक्यात हातात काही उरत नसे. म्हणून १०० मेगाहर्ट्झसाठी ‘८’ आकड्याच्या, म्हणजे कागदावर १२५ मेगाहर्ट्झ भरणाऱ्या चिपा लागत. ज्यांना घड्याळ ११२ वर न्यायचे होते, ते त्याहून चपळ चिपांच्या शोधात असत. शिवाय पीसी-१०० च्या पट्टीवर एक छोटी वेगळी चिप असे. तिच्यात त्या स्मृतीचे वेळापत्रक नोंदलेले असे आणि संगणक सुरू होताना ते वाचून घेई.

आणखी एक गंमत पाहा. घड्याळ थोडेसेच वाढवणे सुरक्षित, जास्त वाढवणे धोक्याचे असे आपल्याला वाटते. इथे उलटे होते. कार्डे आणि तबकडी ज्यावर जोडलेली असत, तो पीसीआय मार्ग ३३ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला होता आणि त्याचे घड्याळ मुख्य घड्याळाला पूर्ण संख्येने भागून मिळे. ६६ ला दोनाने भागले की ३३, १०० ला तिनाने भागले की ३३. पण मध्येच ८३ मेगाहर्ट्झ ठेवले आणि भाजक दोनच राहिला, तर पीसीआय ४१.५ वर जाई आणि तबकडीवरच्या माहितीला धोका पोचे. म्हणजे ८३ पेक्षा १०० बरे.

लेबलाखालची चिप

स्मृतीची पट्टी विकणारी कंपनी आणि तिच्यावरच्या चिपा बनवणारी कंपनी बहुधा वेगळी असते. हे ध्यानात आल्यावर हौशी मंडळी लेबलाऐवजी चिपेचे कूळ विचारू लागली. २००२-०३ च्या सुमारास तैवानच्या विनबाँड कंपनीच्या ‘बीएच-५’ या चिपांची अशीच ख्याती होती. त्या प्रकारच्या स्मृतीचा प्रमाण विद्युतदाब अडीच व्होल्टचा, पण ३.३ व्होल्टच्या आसपास दाब दिला तरी या चिपा टिकत आणि फार कमी विलंबाने उत्तर देत. २००३ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले आणि जुन्या पट्ट्यांना भाव आला. पुढे डीडीआर-४ च्या काळात सॅमसंगच्या ‘बी-डाय’ चिपांना असाच मान मिळाला.

दाब वाढवल्याने काय होते? ट्रान्झिस्टर लवकर उघडतो, संकेत ठळक होतो आणि पायऱ्या भराभर उरकतात. पण उष्णताही वाढते. आणि उष्णतेने रांजण जास्त गळतो. डीडीआर-४ च्या प्रमाणकात साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळींचे एकदा पुनर्भरण व्हावे लागते. तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हा अवधी निम्मा, म्हणजे ३२ मिलिसेकंद धरतात. पाऱ्याच्या नळ्या जाऊन कित्येक दशके झाली, तरी तापमानाने पाठ सोडलेली नाही.

गतीच्या जाहिरातींकडे पाहताना आणखी एक हिशेब करावा. स्तंभ निवडल्यापासून पहिले उत्तर येईपर्यंत किती ठोके जातात, ते ‘सीएल’ या आकड्याने सांगतात. ठोके गुणिले ठोक्याचा काळ केले की खरा विलंब मिळतो. पीसी-१०० ची सीएल-२ स्मृती घेतली तर २ गुणिले १० म्हणजे २० नॅनोसेकंद. पीसी-१३३ ची सीएल-३ घेतली तर ३ गुणिले ७.५ म्हणजे साडेबावीस! गती जास्त, पण पहिले उत्तर उशिरा. डीडीआर-३ च्या १६०० गतीला सीएल-११ धरून पावणेचौदा नॅनोसेकंद येतात. डीडीआर-४ च्या ३२०० गतीला सीएल-२२ धरून पुन्हा पावणेचौदाच. डीडीआर-५ च्या ४८०० गतीला सीएल-४० धरले तर साडेसोळाहून थोडे जास्त. पाव शतकात एका सेकंदात वाहून नेता येणारी माहिती कित्येक पटींनी वाढली, पण पहिला थेंब येण्याचा वेळ फारसा घटला नाही. नळ मोठा झाला, रांजणाची तोटी मात्र तेवढ्याच वेळात उघडते.

पस्तीसचे तीन

घड्याळ वाढवल्यावर यंत्र बंद पडले तर फारसे बिघडत नाही, कारण दोष दिसतो आणि माणूस सावध होतो. खरी भीती मूक चुकीची आहे. समजा, शाळेच्या संगणकात एका विद्यार्थ्याचे ३५ गुण नोंदले आहेत. द्विमान पद्धतीत ३५ म्हणजे १०००११. यातला डावीकडचा पहिला बिट उलटला तर उरतात ००००११, म्हणजे ३. विद्यार्थी नापास. त्याच्याही डावीकडच्या ६४ च्या घरातल्या शून्याचा एक झाला, तर ३५ चे ९९ होतात. दोन्ही वेळा संगणक कुरकुर न करता निकालपत्र छापील, कारण ३ आणि ९९ या दोन्ही संख्या त्याच्या दृष्टीने बरोबरच आहेत.

घड्याळ न वाढवताही अशा चुका होतात हे १९७८ मध्ये पुढे आले. इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वूड्स यांनी दाखवून दिले, की चिपेच्या वेष्टनातील युरेनियम आणि थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण रांजणातला प्रभार उधळून लावतात. चिप खराब होत नाही, फक्त त्या वेळचा बिट बदलतो. उपाय मात्र आधीच माहीत होता. बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग सुटीच्या दिवशी आपली गणिते यंत्रावर लावून जात. चूक सापडली की यंत्र ते गणित सोडून पुढचे घेई आणि सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काही लागत नसे. यंत्राला चूक सापडते तर ती दुरुस्त का करता येऊ नये, या वैतागातून त्यांनी १९५० मध्ये चुका सुधारणारी सांकेतिक पद्धत मांडली.

१९८१ च्या आय.बी.एम. पीसीत आठ चिपांमागे नववी एक चिप असे. एकांची संख्या सम की विषम, एवढेच ती लक्षात ठेवी. बिट उलटला की यंत्र संदेश देऊन थांबे. नव्वदच्या दशकात स्मृतीच्या किमतींची चढाओढ सुरू झाली आणि घरगुती संगणकांतून ही नववी चिप गेली. सर्व्हरमध्ये मात्र चुका सुधारणारी स्मृती राहिली. गूगलच्या संगणकांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांमध्ये स्मृतीची किमान एक सुधारता येण्याजोगी चूक आढळली. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी त्याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. एकच ओळ पुन्हा पुन्हा वेगाने उघडली, तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हा दोष निघाला. रांजण इतके लहान आणि इतके जवळजवळ आले आहेत की शेजाऱ्याचा धक्काही त्यांना सोसत नाही. डीडीआर-५ च्या चिपेत आतल्या आत चुका सुधारण्याची सोय आहे ती यामुळेच. पण चिपेपासून प्रक्रियकापर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडू शकत नाही.

निवड करताना

या इतिहासातून स्मृती निवडण्याचे व्यावहारिक नियम आपोआप निघतात. प्रथम मदरबोर्ड कोणत्या पिढीची स्मृती घेतो ते पाहावे. पट्टीच्या कडेची खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसत नाही. ती जोर लावून बसवू नये. गती आणि सीएल हे दोन्ही आकडे एकत्र वाचून विलंबाचा गुणाकार करावा. प्रमाणकातला विद्युतदाब पाहावा. डीडीआर-३ ला दीड, डीडीआर-४ ला १.२, डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट हे नेहमीचे दाब आहेत. जाहिरातीतली गती मिळवायला याहून जास्त दाब लागत असेल, तर ती गती प्रमाणकाबाहेरची आहे असे समजावे. इंटेलने २००७ मध्ये आणलेल्या ‘एक्सएमपी’ या सोयीत असे वाढीव वेळापत्रक पट्टीवरच नोंदलेले असते, पण संगणकाच्या सेटिंगमध्ये ते चालू केल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून ३२०० ची म्हणून घेतलेली पट्टी वर्षानुवर्षे २१३३ वर चालताना आढळते. दोन वेगळ्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर सहसा मंद पट्टीची चाल दोघींना घ्यावी लागते.

नवी स्मृती बसवली किंवा घड्याळ वाढवले, तर चाचणी घेतल्याशिवाय त्या यंत्रावर कामाची माहिती ठेवू नये. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेली ‘मेमटेस्ट-८६’ ही आज्ञावली स्मृतीच्या प्रत्येक घरात वेगवेगळे नमुने लिहून ते परत वाचते. ती रात्रभर चालू द्यावी. एकही चूक निघाली, तर ‘बाकी सगळे ठीक चालले आहे’ या समाधानाला अर्थ नाही. चाचणी शक्यतो उन्हाळ्यात घ्यावी. डिसेंबरमध्ये उत्तीर्ण झालेली स्मृती एप्रिलमध्ये अनुत्तीर्ण होऊ शकते. आणि ज्या संगणकावर शाळेचे निकाल, वेतन किंवा प्रवेशाच्या याद्या आहेत, त्याचे घड्याळ वाढवूच नये. खेळासाठी असलेल्या यंत्रावर हवे ते प्रयोग करावेत.

वर्गात यातील दोन गोष्टी साधनांशिवाय करता येतील. वीस मुलांना रांगेत उभे करून एका टोकाने ‘टाळी’ किंवा ‘शांत’ असा संदेश हातावर हात ठेवून पुढे पाठवा आणि शेवटच्या मुलाकडून तो पुन्हा पहिल्याकडे आणा. पाऱ्याची नळी तयार झाली. आता शिक्षकाने ठेका वाढवत न्यावा आणि कोणत्या गतीला संदेश बिघडू लागतो ते नोंदवावे. हीच नोंद दुसऱ्या रांगेची घेतली तर आकडा वेगळा येईल. मग मुलांना विचारावे: या दोन्ही रांगा एखाद्याला विकायच्या असतील, तर पाटीवर कोणता आकडा लिहाल? सर्वांत चांगल्या दिवशीचा, की दुपारच्या सुटीनंतर दमलेल्या मुलांचा? दुसऱ्या तासाला आठ मुलांनी उभे राहून किंवा बसून एक संख्या दाखवावी आणि नवव्याने उभ्यांची संख्या सम होईल असे उभे राहावे किंवा बसावे. वर्गाने डोळे मिटले असताना एकाने जागा बदलली तर ती ओळखता येते. दोघांनी बदलली तर? यातून एका नवव्या चिपेची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात आणि हॅमिंग यांना पुढे काय शोधावे लागले असेल, याचा विचार मुले स्वतःच करू लागतात.